चाळिशीतलं आयव्हीएफ आणि स्त्रीबीजांची गुणसूत्र तपासणी: करावी की नाही?

गार्गी_डोंबिवली
सोमवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा लिहिते.

माझं वय ४०. एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय त्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ०.८. मागच्या वर्षी आपोआप दिवस राहिले होते, पण नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत. क्युरेटिंगनंतर डॉक्टरांनी नमुना गुणसूत्र तपासणीला पाठवला. रिपोर्ट आला ट्रायसोमी १६, म्हणजे १६ नंबरचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन. डॉक्टर म्हणाले, तुमच्या वागण्या-खाण्याचा याच्याशी काही संबंध नाही, हे बीज तयार होतानाच ठरून गेलेलं असतं. त्या बोलण्याचा मला तेव्हा फार आधार वाटला, कारण घरात तोवर पपईपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांवर ठपका ठेवून झाला होता.

आता आयव्हीएफचं ठरतंय. क्लिनिकमधल्या समुपदेशक म्हणतात, या वयात पीजीटी-ए कराच. एम्ब्रियो (भ्रूण) पाच-सहा दिवसांचा झाला की त्यातल्या काही पेशी काढून गुणसूत्रं मोजायची, तोवर एम्ब्रियो गोठवून ठेवायचा, आणि रिपोर्ट चांगला आला तरच ट्रान्सफर करायचा, म्हणजे गर्भाशयात ठेवायचा. दर एम्ब्रियोमागे वेगळे पैसे.

माझा प्रश्न असा की बिघाड जर स्त्रीबीजातच होतो, तर एम्ब्रियो होईपर्यंत थांबायचं कशाला? बीजंच आधी तपासून चांगली तेवढी वापरता येत नाहीत का? आणि या तपासणीने मूल होण्याची शक्यता खरंच वाढते का? ज्यांनी केली आहे, ज्यांनी नाकारली आहे, जे या क्षेत्रात काम करतात, सगळ्यांनी लिहा. देवावर भरवसा ठेवा असं कृपया कुणी लिहू नका. श्रद्धा मलाही आहे, आत्ता माहिती हवी आहे.

अनघा_ज
सोमवार, दुपारी १:०५

गार्गी, आधी एक घट्ट मिठी. मी ३९ व्या वर्षी केली होती. तीन एम्ब्रियो तपासले, एक नॉर्मल निघाला, तोच आज पहिलीत आहे. माझ्या बाजूने उत्तर ‘कर’ असंच आहे. पण न तपासता ठेवला असता तरी तोच राहिला असता की काय, हे मला कधीच कळणार नाही, तेही सांगते.

सूक्ष्मदर्शी
सोमवार, रात्री ९:४०

गार्गी, मी पुण्यात एका आयव्हीएफ लॅबमध्ये एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे. तुमचा पहिला प्रश्न इतका नेमका आहे की त्याला नीट वेळ देऊन लिहिते.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत ६० ते ७० लाख बीजं असतात. जन्माला येईपर्यंत ती १० ते २० लाखांवर येतात, पाळी सुरू होताना ३ ते ४ लाख उरतात. प्रत्येक बीजात गुणसूत्रांच्या जोड्या जन्माआधीच जुळतात आणि तिथे विभाजन अर्ध्यावर थांबतं. ते पुढे सुरू होतं ते बीज बाहेर पडायच्या सुमारास, म्हणजे एखाद्या बीजाच्या बाबतीत १५ वर्षांनी, एखाद्याच्या बाबतीत ४० वर्षांनी. एवढा काळ गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवतात ती कोहेसिन नावाची प्रथिनं. ती नव्याने भरली जात नाहीत, असं प्रामुख्याने उंदरांवरच्या कामातून दिसलं आहे. वय वाढतं तशी ही पकड सैल होते आणि वाटणीच्या वेळी एखादं गुणसूत्र भलत्या बाजूला जातं. पुरुषाचं शुक्रबीज सतत नव्याने तयार होतं, म्हणून वयाचा हा विशिष्ट फटका मुख्यतः स्त्रीबीजाला बसतो. डाउन सिंड्रोमच्या साधारण १० पैकी ९ बाळांत जास्तीचं गुणसूत्र आईच्या बीजातून आलेलं असतं.

आकडे स्पष्टच सांगते. डाउन सिंड्रोम असलेलं बाळ जन्मण्याची शक्यता आईच्या ३५ व्या वर्षी सुमारे ३५० त एक, ४० व्या वर्षी १०० त एक, ४५ व्या वर्षी ३० त एक. पण हे झाले फक्त जन्मापर्यंत पोचणारे. बिघाड असलेले बहुतेक भ्रूण रुजतच नाहीत किंवा पहिल्या तिमाहीत जातात. तुमची ट्रायसोमी १६ गर्भपातांमध्ये सर्वांत जास्त सापडणाऱ्या ट्रायसोमींपैकी आहे आणि पूर्ण ट्रायसोमी १६ असलेला गर्भ टिकत नाही. अमेरिकेत २०१४ साली १५ हजारांहून जास्त भ्रूण-बायोप्सींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बिघडलेल्या भ्रूणांचं प्रमाण २६ ते ३० या वयात सर्वांत कमी होतं, चाळिशीत निम्म्याच्या वर गेलं आणि ४४ च्या आसपास ८० टक्क्यांच्या पुढे.

आता बीज तपासण्याबद्दल. बीजातली गुणसूत्रं मोजायची तर बीज फोडावं लागेल, मग ते वापरता येणार नाही. पण निसर्गाने एक वाट ठेवली आहे. बीज पक्व होताना गुणसूत्रांचा अर्धा वाटा एका इवल्याशा पेशीतून बाहेर टाकतं, ती पहिली पोलर बॉडी. शुक्रबीज आत शिरल्यावर आणखी एक वाटणी होते आणि दुसरी पोलर बॉडी बाहेर पडते. या दोन्हींचा बाळाच्या वाढीत काही सहभाग नसतो, त्यामुळे त्या काढून घेता येतात. पाकिटातून किती गेले हे कळलं की आत किती उरले ते न उघडता सांगता येतं, तसंच हे. शिकागोच्या युरी वर्लिन्स्की यांनी १९९० मध्ये या पद्धतीचा वापर सुरू केला. त्याच वर्षी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अ‍ॅलन हँडीसाइड यांच्या गटाने तीन दिवसांच्या भ्रूणातली पेशी काढून तपासली. दोन्ही वाटा एकदमच निघाल्या म्हणायच्या.

मग आपल्याकडे बीज तपासणी का दिसत नाही? एक तर प्रत्येक बीजामागे दोन नमुने, आणि तेही जी बीजं पुढे भ्रूण होणारच नव्हती त्यांचेसुद्धा. खर्च फुगतो. दुसरं, पोलर बॉडीत फक्त आईकडचा हिशोब दिसतो, शुक्रबीजातला किंवा फलनानंतरच्या पेशीविभाजनातला बिघाड दिसत नाही. तिसरं कारण मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पहिल्या वाटणीतली चूक दुसऱ्या वाटणीत कधीकधी आपोआप भरून निघते. नुसती पहिली पोलर बॉडी पाहून बीज फेकलं तर चांगलं बीज हातचं जाऊ शकतं.

मंदार_कोथरूड
सोमवार, रात्री १०:१५

सूक्ष्मदर्शी, खूप आभार. आम्ही नवरा-बायको याच टप्प्यावर आहोत. सरळ विचारतो. चांगला एम्ब्रियो निवडून ठेवला तर मूल होण्याची शक्यता वाढायलाच हवी ना? तरी दर डॉक्टर वेगळं का सांगतो? आमच्या खर्चाचा आकडा आधीच लाखांत गेला आहे, वर ही तपासणी. कुणाचं ऐकायचं?

सूक्ष्मदर्शी
मंगळवार, सकाळी ७:३०

मंदार, ‘वाढायलाच हवी’ असंच या क्षेत्रातल्या सगळ्यांना वाटत होतं. १९९० च्या दशकात आणि पुढे तीन दिवसांच्या भ्रूणातली एक पेशी काढून मोजक्याच गुणसूत्रांवर रंगीत खुणा पाहायच्या, ती फिश पद्धत. जगभर वयस्क स्त्रियांना ती देऊ केली गेली. २००७ साली नेदरलँड्समधल्या चाचणीचे निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. ३५ ते ४१ वयाच्या ४०८ स्त्रिया, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट. तपासणी झालेल्या गटात गर्भधारणा टिकली २५ टक्के स्त्रियांची, न तपासलेल्या गटात ३७ टक्के. तपासणीने नुकसान झालं होतं. आठ पेशींच्या भ्रूणातली एक काढल्याचा धक्का, आणि त्या एका पेशीवरून काढलेले चुकीचे निष्कर्ष.

त्या धक्क्यानंतर युरोपातली ईश्रे ही संघटना पुन्हा पोलर बॉडीकडे वळली, कारण तिथे भ्रूणाला हातच लावायचा नसतो. या वेळी सगळी गुणसूत्रं मोजणारं नवं तंत्र होतं. एस्टीम नावाची त्यांची चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. गार्गी, ही तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळची. ३६ ते ४० वयाच्या ३९६ स्त्रिया. वर्षभरात मूल जन्माला आलं ते दोन्ही गटांत २४ टक्के स्त्रियांना. तसूभर फरक नाही. पण गर्भपात तपासणीच्या गटात ७ टक्के स्त्रियांना, दुसऱ्या गटात १४ टक्के. ट्रान्सफरही कमी कराव्या लागल्या.

याचं कारण साधं आहे. तपासणी बीज दुरुस्त करत नाही. तुमच्या सहा बीजांत एक चांगलं असेल तर तपासूनही एकच राहतं. न तपासता एकेक ठेवत गेलात तरी त्या एकाची पाळी कधीतरी येतेच. फरक पडतो तो मधल्या वाटेत: किती वेळा निराशा, किती गर्भपात, किती महिने.

हल्लीची पाचव्या-सहाव्या दिवसाची बायोप्सी तिसऱ्या दिवशी पेशी काढण्यापेक्षा सुरक्षित आहे. तेव्हा भ्रूणात शंभरावर पेशी असतात आणि वार होणाऱ्या बाहेरच्या थरातल्या पाच-दहा काढतात. तिच्यावरची स्टार चाचणी २०१९ ची, २५ ते ४० वयाच्या ६६१ स्त्रिया. गर्भधारणा टिकण्याचं प्रमाण तपासलेल्यांत ५० टक्के, न तपासलेल्यांत ४६, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. पस्तिशीपुढच्यांत दर ट्रान्सफरमागे ५१ विरुद्ध ३७ असा फायदा दिसला. तोच आकडा क्लिनिकच्या माहितीपत्रकांत येतो. पण तो ट्रान्सफरपर्यंत पोचलेल्यांचा आकडा आहे. ज्यांचा एकही एम्ब्रियो नॉर्मल निघाला नाही त्या त्यात मोजल्याच जात नाहीत. सुरुवातीपासूनच्या सगळ्या धरल्या तर तो फायदा उरत नाही. ‘यश इतके टक्के’ असं कुणी म्हटलं की टक्के कशाचे ते विचारा: दर ट्रान्सफरमागे, की इंजेक्शनं सुरू केलेल्या दर बाईमागे?

वैशाली_सांगली
मंगळवार, दुपारी १२:५०

सूक्ष्मदर्शी ताई, तुमच्या ज्ञानाबद्दल आदरच आहे, पण ‘मधली वाट’ या दोन शब्दांत जे बसवलंत त्यावर मला लिहायलाच हवं.

माझे गर्भपात एकापाठोपाठ झाले. दर वेळी बीटा (गर्भधारणेची रक्ततपासणी) वाढायचा, दर वेळी ठोके दिसायचे, मग थांबायचे. दर वेळी क्युरेटिंग, अंगावरून जाणं, रजा, आणि घरच्यांचं ‘पुढच्या वेळी कुणाला सांगू नकोस हं’. एका गर्भपातातून शरीर सावरून पुन्हा तयारीला लागेपर्यंत कित्येक महिने जातात. विशीत ते महिने परवडतात. एक्केचाळिसाव्या वर्षी तेच महिने बीजांच्या हिशोबातून वजा होतात. गर्भपात निम्म्यावर आले हा आकडा माझ्यासाठी मूल होण्याच्या आकड्याइतकाच मोठा आहे. मी तपासणी केली, नॉर्मल निघालेला एम्ब्रियो ठेवला, तो रुजला नाही. तरीसुद्धा माझा निर्णय योग्य होता असंच मी म्हणेन. निगेटिव्ह बीटा मी सहन करू शकते. थांबलेले ठोके पुन्हा बघायची माझी ताकद उरली नव्हती.

सूक्ष्मदर्शी
मंगळवार, दुपारी २:१०

वैशाली, अगदी मान्य. ब्रिटनमध्ये अशा उपचारांवर देखरेख ठेवणारी एचएफईए ही सरकारी संस्था प्रत्येक जादा तपासणीला रंग देते. पीजीटी-ए ला बहुतेकांसाठी मूल होण्याची शक्यता वाढवण्याच्या रकान्यात लाल आहे, आणि गर्भपात कमी करण्याच्या रकान्यात हिरवा. तपासणी एकच, पण ती कशासाठी करता त्यावर रंग ठरतो. तुमच्यासाठी तो दुसरा रकाना महत्त्वाचा होता आणि निर्णय त्याला धरून होता.

रेवा_श्टुटगार्ट
मंगळवार, रात्री ११:५५

मी पोलर बॉडीची तपासणी स्वतः करून घेतली आहे, म्हणून लिहिते. आम्ही मूळचे पुण्याचे, नोकरीमुळे जर्मनीत.

इथे ही तपासणी रुजली त्यामागे विज्ञानाइतकाच कायदा आहे. १९९० चा भ्रूणसंरक्षण कायदा फार कडक आहे. शुक्रबीज आत गेल्यावरही आई-बापाची केंद्रकं एकमेकांत मिसळेपर्यंत कायद्याच्या लेखी ते भ्रूण नसतं. त्यामुळे त्या काही तासांत पोलर बॉडी काढून तपासायला आडकाठी नाही. भ्रूणाची तपासणी २०११ पासून ठरावीक गंभीर परिस्थितीतच, नैतिक समितीच्या मंजुरीने करता येते. डोनर एग, म्हणजे दुसऱ्या स्त्रीचं बीज घेणं, तर इथे बेकायदाच. इटलीतही २००४ च्या कायद्याने एका वेळी तीनच बीजं फलित करायची आणि सगळी ठेवायची असं बंधन घातलं होतं. ते २००९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने उठवलं. तेवढ्या काळात तिथेही बीज निवडण्याला फार महत्त्व आलं होतं.

माझा अनुभव सांगायचा तर, घड्याळाशी शर्यत असते. केंद्रकं मिसळायच्या आत निकाल हवा, नाहीतर त्या अवस्थेत गोठवावं लागतं. आमचा निकाल वेळेत आला. ठेवण्याजोगं एकही बीज नव्हतं. डॉक्टर शांतपणे प्रत्येक बीजाचा तक्ता समजावत होत्या: हे २२ नंबर कमी, हे १५ आणि २१ जास्त. मला त्या तक्त्याने वर्षानुवर्षांच्या ‘का होत नाही’चं उत्तर दिलं. नवऱ्याला मात्र वाटलं की बीजांना संधीच न देता आपण हरलो. आम्हा दोघांचं यावर आजही एकमत नाही. पुढे आम्ही उपचार थांबवले आणि दत्तकासाठी अर्ज केला.

गार्गी, क्लिनिकला आधी एवढं विचार: एकही नॉर्मल निघाला नाही तर पुढे काय? त्याचं उत्तर त्यांच्याकडे आणि तुमच्या दोघांकडे तयार असू दे.

ओवी
बुधवार, सकाळी १०:३०

माझ्या रिपोर्टात एक एम्ब्रियो ‘मोझेक’ लिहून आला आहे. क्लिनिक म्हणतं टाकून द्या. माझ्याकडे दुसरा नाही. मोझेक म्हणजे बिघडलेलाच का? मला कुणी नीट सांगितलंच नाही.

सूक्ष्मदर्शी
बुधवार, दुपारी १:२०

ओवी, घाईने टाकू देऊ नका. सही तर अजिबात करू नका. आधी वाचा.

मोझेक म्हणजे काढलेल्या नमुन्यात काही पेशी बरोबर आणि काही बिघडलेल्या, असा लॅबचा अंदाज. असा बिघाड बहुधा बीजातला नसतो, फलनानंतर पेशी विभागताना झालेला असतो. शिवाय काढलेल्या पेशी वार होणाऱ्या थरातल्या असतात, बाळ होणाऱ्या आतल्या पुंजक्यातल्या नसतात. पाच-दहा पेशींवरून उरलेल्या शंभराचा निकाल लावला जातो, त्यात अनिश्चितता असणारच. २०१५ साली इटलीतल्या गटाने न्यू इंग्लंड जर्नलमध्ये कळवलं की दुसरा पर्याय नसलेल्या १८ स्त्रियांना त्यांनी मोझेक भ्रूण ठेवले आणि ६ निरोगी बाळं जन्मली, त्यांची गुणसूत्रं नॉर्मल होती. त्यानंतर अशी बाळं जगभर जन्मली आहेत. रुजण्याची शक्यता नॉर्मलपेक्षा कमी आणि गर्भपाताची जास्त, हे खरं. कुठलं गुणसूत्र आणि किती टक्के पेशी, यावर बरंच ठरतं.

तुम्ही क्लिनिकच्या बाहेरच्या एखाद्या जेनेटिक काउन्सेलरला रिपोर्ट दाखवा. मोठ्या शहरांत आहेत, फोनवरही सल्ला देतात. एम्ब्रियो गोठलेला आहे, तो थांबू शकतो.

मृणाल_वकील
बुधवार, संध्याकाळी ६:४५

कायद्याचा भाग कुणी लिहिला नाही म्हणून लिहिते, कारण आपल्याकडे या तपासणीला हा संदर्भ सोडून बघता येत नाही.

गुणसूत्रं मोजताना एक्स आणि वायही दिसतात. म्हणजे मुलगा की मुलगी हे लॅबला कळू शकतं. महाराष्ट्राने गर्भजल परीक्षणाच्या गैरवापराविरुद्ध १९८८ मध्येच देशातला पहिला कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. पण तो होता गर्भ राहिल्यानंतरच्या तपासण्यांबद्दल. मुंबईची सेहत आणि पुण्याची मासूम या संस्था आणि कार्यकर्ते डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची तंत्रंही कक्षेत आली, आणि त्यामुळे बीज आणि भ्रूण दोन्हींची तपासणी याच कायद्याखाली येते. कलम ४ मध्ये तपासणी कशासाठी आणि कुणाची करता येईल याच्या अटी आहेत. कारणांत गुणसूत्रांतील दोष आहे, आणि अटींत पस्तिशीपुढचं वय आणि दोन किंवा अधिक गर्भपात यांचा स्पष्ट उल्लेख आहे. लिंग सांगणं, विचारणं, सुचवणं, सगळा गुन्हा. आपल्याकडच्या रिपोर्टात लिंग येत नाही ते यामुळे.

आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या एआरटी कायद्यातही वेगळी तरतूद आहे. कलम २५ म्हणतं की भ्रूणाची तपासणी ज्ञात, आधीपासूनचे, आनुवंशिक किंवा जनुकीय आजार शोधण्यासाठीच. लिंगनिवडीला कलम २६ ची स्वतंत्र बंदी आहे. म्हणून क्लिनिक आणि नमुना जिथे जातो ती लॅब, दोघांचं नोंदणी प्रमाणपत्र बघायला मागा. ते दर्शनी भागात लावलेलं असायलाच हवं. संमतीपत्र मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे. आणि कुणी कुजबुजत ‘मुलगाच हवा असेल तर’ असं बोललं, तर तिथून उठून थेट जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे (या कायद्यासाठी नेमलेला अधिकारी) तक्रार करा. आपल्या जिल्ह्यांनी मुलींच्या घटत्या संख्येची किंमत मोजली आहे.

शिल्पा_नाशिक
बुधवार, रात्री ९:१०

मी वेगळ्या वाटेने गेले, ते लिहिते. ४३ व्या वर्षी डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं की स्वतःच्या बीजांवर तपासणी, इंजेक्शनं, पुन्हा तपासणी असं करत पैसे घालवू नका, डोनर एगचा विचार करा. रडले, रागावले, बरेच दिवस फोनही केला नाही. मग नवरा म्हणाला, तुला आई व्हायचंय की तुझ्यासारखं नाक हवंय? त्या प्रश्नावर मात्र मी विचार करायला लागले. आता आपल्या कायद्याने डोनर २३ ते ३५ वयाची असते, आयुष्यात एकदाच बीजं देऊ शकते, आणि सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. बीज तरुण असल्याने वयामुळे होणाऱ्या बिघाडाचा प्रश्न खूप कमी होतो, माझ्या डॉक्टरांनी तपासणी लागणारच नाही म्हणून सांगितलं. गेल्या चैत्रात बारसं झालं. सासूबाईंना सगळं ठाऊक आहे आणि नाव त्यांनीच ठेवलं.

हा सल्ला नाही, गार्गी. ४० आणि ४३ मध्ये खूप अंतर असतं. पण हा दरवाजा आहे हे माहीत असावं.

नितीन_के
गुरुवार, सकाळी ८:५०

आमच्या इथे एका ठिकाणी ‘बायोप्सीशिवाय पीजीटी’ सांगतात. एम्ब्रियो ज्या द्रवात वाढतो तो द्रव तपासायचा, एम्ब्रियोला सुईसुद्धा नाही. ऐकायला फार चांगलं वाटतं. करावं का?

सूक्ष्मदर्शी
गुरुवार, सकाळी १०:०५

नितीन, त्या द्रवात भ्रूणाच्या डीएनएचे तुकडे असतात हे खरं. पण त्यात बीजाभोवतीच्या आईच्या पेशींचाही डीएनए मिसळतो, आणि भ्रूणाने बाहेर टाकलेल्या पेशी आत उरलेल्यांसारख्याच असतील असं नाही. ऑस्ट्रेलियात मोनाश आयव्हीएफने ही तपासणी २०१९ मध्ये सुरू केली आणि २०२० मध्ये थांबवली. सातशेच्या वर रुग्णांनी सामूहिक दावा लावला, कारण चांगले असू शकणारे भ्रूण त्या निकालावरून बाद झाले होते. २०२४ मध्ये कंपनीने ५ कोटी ६० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन तडजोड केली. संशोधनासाठी विनामूल्य आणि निकालावरून काहीही टाकून न देण्याच्या अटीवर कुणी करत असेल तर एक वेळ ठीक. निर्णय त्यावर सोपवू नका.

गार्गी_डोंबिवली
गुरुवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला पूर्ण धागा वाचून दाखवला. वैशालीताई, तुमचा प्रतिसाद वाचताना आम्ही दोघंही थांबलो होतो.

आज सोनोग्राफीत दोन्ही बाजू मिळून सहा फॉलिकल (ज्यांत बीज वाढतं त्या पिशव्या) दिसले. तेवढीच बीजं मिळाली असं धरलं तर हिशोब कसा मांडायचा? आणि दुसरं, तपासलेला एम्ब्रियो राहिला तर पुढे गरोदरपणात आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणाऱ्या डबल मार्कर, एनआयपीटी या तपासण्या, हे सगळं टळतं का? समुपदेशक म्हणाल्या, गरज उरत नाही.

सूक्ष्मदर्शी
गुरुवार, रात्री ११:४०

आधी हिशोब. हा ढोबळ आहे, तुमची बीजं वेगळी वागू शकतात. सहा फॉलिकलमधून चार-पाच पक्व बीजं मिळावीत. त्यातली तीन-चार फलित होतील. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत पोचणारी एक, फार तर दोन. वय ४० म्हणजे त्या एका-दोनात निम्म्याहून जास्त बिघडलेली असण्याची शक्यता. एकच ब्लास्टोसिस्ट (पाच-सहा दिवसांचा भ्रूण) हाती आला तर तपासून निवडायला दुसरा काही नसतो. तिथे तपासणी फक्त ‘ठेवू की नको’ एवढंच सांगते, आणि एखाद वेळी चुकीचंही सांगते. बरेच डॉक्टर अशा वेळी तिसऱ्या दिवशी न तपासता ट्रान्सफर सुचवतात, कारण लॅबमध्ये पाचव्या दिवसापर्यंत न टिकलेला भ्रूण गर्भाशयात टिकला असता की नाही, हे सांगता येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे एकापेक्षा जास्त वेळा पिकअप करून, म्हणजे बीजं काढून, भ्रूण साठवायचे आणि एकदम तपासायचे. त्यात इंजेक्शनांचा खर्च आणि वेळ वाढतो, पण तीन-चार भ्रूण जमले तर तपासणीला अर्थ येतो, विशेषतः तुमच्यासारखा गर्भपात आधी होऊन गेला असेल तर.

तुमच्या डॉक्टरांना मी असं विचारेन: माझे ब्लास्टोसिस्ट किती झाले तर तपासायचे आणि किती झाले तर नाही, हे आधीच ठरवता येईल का? पिकअपच्या दिवशी भुलीतून बाहेर येताना हा निर्णय घ्यायची वेळ येऊ नये. तपासणीचे पैसे आगाऊ भरले आणि भ्रूण झालाच नाही तर परत मिळतात का, तेही लेखी घ्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, टळत नाही. पीजीटी-ए ने मोजलेल्या पेशी थोड्या आणि वारेच्या थरातल्या, त्यामुळे नॉर्मल रिपोर्टनंतरही गरोदरपणातल्या तपासण्या करायचा सल्ला दिला जातो. ११ ते १३ आठवड्यांच्या मध्ये एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी), आणि एनआयपीटी करायची तर दहाव्या आठवड्यापासून. एनआयपीटीतही वारेचाच डीएनए असतो, म्हणून तिथे शंका आली तर खात्री गर्भजल परीक्षणाने होते, ते १५ आठवड्यांनंतर. आणि गुणसूत्रं बरोबर असली तरी हृदय, मणका, मूत्रपिंडं यांची जडणघडण त्यातून कळत नाही. त्यासाठी १८ ते २० आठवड्यांचा अ‍ॅनॉमली स्कॅन लागतोच. समुपदेशक बाईंना हे दाखवा आणि डॉक्टरांकडून स्वतः ऐका.

गार्गी_डोंबिवली
शुक्रवार, सकाळी ९:१५

शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आकड्याची अट आधी ठरवायचं आम्हा दोघांना पटलं. दोन किंवा कमी ब्लास्टोसिस्ट झाले तर न तपासता ठेवायचे, तीन किंवा जास्त झाले तर तपासायचे, असं आत्ता तरी वाटतंय. नवरा म्हणतो दोन झाले तरी तपासू या, त्याला मागच्या वर्षीची सोनोग्राफी आठवते. त्यावर आमचं बोलणं चालू आहे. मृणाल, नोंदणी प्रमाणपत्र आणि मराठी संमतीपत्र दोन्ही मागणार आहे. ओवी, तुला काउन्सेलर मिळाल्या का? ठाण्यातल्या एकींचं नाव मला मैत्रिणीकडून कळलं आहे, व्यक्तिगत निरोपात पाठवते.